भाषेचे निम्मे मार्क

बंदराच्या मोठ्या फाटकासमोर, दोरखंड आणि रंगाचे डबे विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एका जहाज-एजंटचं ऑफिस होतं. तिथं काम करणाऱ्या एका बाईला सगळे ताई म्हणत. तिच्या टेबलाला टेबल लावून मिनिटमामा बसत. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं.

हे नाव पडलं ते त्यांच्या कामामुळे. मालाचं जहाज धक्क्याला लागलं की ते रिकामं करायला ठरावीक मुदत मिळते. त्यापेक्षा जास्त वेळ जहाज अडकलं की दंड. पण मुदत मोजणं म्हणजे सरळ घड्याळ बघणं नव्हे. पावसानं काम थांबलं तर तो वेळ धरायचा नाही. क्रेन बिघडली तर ती जहाजाची की बंदराची, हे आधी बघायचं. मामा जहाजावरून आलेल्या नोंदी पुढ्यात घेत आणि पेन्सिलीनं मिनिट न् मिनिट मोजत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. जहाजवाले आणि मालवाले भांडून दमले की शेवटी कुणीतरी म्हणे, "मिनिटमामा काय म्हणतात ते बघा," आणि वाद तिथं मिटे.

ताई टायपिंगला म्हणून लागली आणि कागदपत्रांपर्यंत चढली होती. पस्तिशीत तिनं जहाज-व्यवस्थापनाच्या परीक्षेचा फॉर्म भरला. सात पेपर, सगळे इंग्रजीत, प्रत्येकी तीन तासांचे. पहिल्या वर्षी दोन दिले आणि त्यातल्या एकात सपशेल आपटली. नवरा म्हणाला, "अजून एकदा बस. सकाळचे डबे मी भरतो." मामांनी निकाल ऐकून चष्मा कपाळावर चढवला.

"पुस्तकातून जहाज कळत नाही, पोरी. उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर जेवायला बस."

तेव्हापासून रोज दुपारी दोघांचे डबे आणि मध्ये एखाद्या जुन्या जहाजाचा कागद, असा वर्ग सुरू झाला. मामा शिकवायचे ते प्रश्न विचारूनच.

"मुदत संपली मंगळवारी दुपारी दोनला. चारला पाऊस आला, सहापर्यंत काम बंद. ते दोन तास धरायचे का?"

"नाही. पाऊस धरत नाहीत."

"चूक. मुदतीच्या आत असता तर धरला नसता. एकदा मुदत संपली की आभाळ कोसळलं तरी घड्याळ चालू. खा आता, भात गार होतोय."

पुस्तकातली चाळीस पानं तिला जे सांगू शकली नव्हती, ते तिला त्या एका घासात कळलं. पुढच्या खेपेला ती तो पेपर पास झाली, आणि त्यानंतर आणखी एक.

अशात एके दिवशी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. विभागाचे प्रमुख वर्षभरात निवृत्त होणार होते. साहेब म्हणाले, "मालकांनी नवीन नियम काढलाय. प्रमुखाकडे ही परीक्षा हवीच. ताईंचे चार पेपर राहिलेत. मामा, तुमची नोकरी बघता परीक्षेचं मंडळ तुम्हाला तीन पेपरांची सूट देईल, मी चौकशी केली आहे. म्हणजे तुमचेही चारच. दोघंही बसा. जो होईल तो होईल."

बाहेर आल्यावर मामा सरळ आपल्या नोंदींकडे वळले. आठवड्याभरानं मात्र जेवणाच्या वेळी त्यांनी खिशातून घडी केलेले सहा कागद काढले. जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन प्रश्न त्यांनी घरी घड्याळ लावून सोडवले होते.

"वाच आणि खरं सांग," ते म्हणाले. "मामीनं सांगितलंय, ताईला दाखवल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही."

ताईनं वाचलं. स्पेलिंगं जागोजागी चुकली होती, वाक्यं तुटक होती. पण मुद्दा एकही सुटला नव्हता. दुसऱ्या उत्तरात तर त्यांनी अशी एक अडचण मांडून सोडवली होती, जी तिला सात जन्मांत सुचली नसती. त्या पेपराबद्दल परीक्षकांनी काढलेला अहवाल तिनं वाचला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: भाषेसाठी मार्क कापले जात नाहीत, मजकूर बरोबर हवा.

मामा समोर डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसले होते. तिला आठवलं, माझे अजून चार पेपर आहेत. एकदा आपटलेली आहे. हे बसले तर मी कुठे?

"मामा," ती म्हणाली, "माहिती सगळी बरोबर आहे. पण भाषेला निम्मे मार्क असतात."

"निम्मे?"

"हो. आणि तिथं ते फार कडक असतात."

तिनं हे अगदी हळू, त्यांना वाईट वाटू नये अशा आवाजात सांगितलं. तो आवाज पुढे कित्येक वर्षं तिच्या कानात राहिला.

"बरं झालं विचारलं," मामा म्हणाले. त्यांनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली. "या वयात हसं झालं असतं. चल, कालचं कुठे राहिलं होतं आपलं?"

आणि त्यांनी तिला शिकवणं थांबवलं नाही. तिनं मनातल्या मनात पन्नास वेळा ठरवलं, उद्या खरं सांगायचं. पण रोज दुपारी डबा उघडला की जीभ रेटत नसे. मग फॉर्मची तारीख उलटली, आणि आता सांगून काय होणार, असं म्हणायला ती मोकळी झाली.

सातही पेपर सुटले. मामांनी शिकवलेल्या पेपरात तिला सर्वांत जास्त मार्क पडले. ती प्रमुख झाली त्या दिवशी मामांनी स्वतः तिची खुर्ची आतल्या केबिनमध्ये नेऊन ठेवली आणि सगळ्यांना सांगत सुटले, "माझी विद्यार्थिनी."

तीन वर्षांनी मुदत मोजणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम आला. मुख्य ऑफिसनं यादी पाठवली: परीक्षा न झालेल्यांना निरोप द्यावा. ताईनं तीन पत्रं लिहून मामांसाठी रदबदली केली. उत्तर एका ओळीत आलं. तिनं त्यांना केबिनमध्ये बोलावून लिफाफा पुढे केला. उलट मामांनीच तिला धीर दिला. "तू काय करणार? सही तुझी असली तरी हुकूम वरचा आहे. मला कळतं." ते वाक्य ऐकून तिला धरणी दुभंगावी असं झालं.

वर्षभरानं, परीक्षेचे संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं तिला शिकवायला बोलावलं. तिनं तिथल्या प्रमुखांना सांगितलं, "माझ्याहून चांगला माणूस देते." ते खूश झाले, मग त्यांनी विचारलं, "त्यांची परीक्षा कधी झाली?" झाली नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, हा नियम. ती तिथून बाहेर पडली ती थेट मामांच्या घराच्या बसमध्ये बसली.

मामांनी दार उघडलं. घरात वर्तमानपत्रं नीट रचून ठेवलेली, टेबलावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. मामी चहा ठेवायला आत गेल्या. ताईनं बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, कुठे न थांबता, एखादा धडा म्हणावा तसं. भाषेला मार्क नव्हते. मला माहीत होतं. तुमची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली होती. मला भीती वाटली.

मामांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी पास झालो असतो?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, मामा."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. शाळेतल्या पोराला बाईंनी शाबासकी द्यावी तसा. मग तो हळूहळू उतरला, आणि त्या उतरण्याकडे तिला बघवेना.

"मी घरी येऊन हिला सांगितलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, ताई म्हणते म्हणजे तसंच असणार. ती मला फसवायची नाही. मग मी ते मनातून काढून टाकलं. आपल्यात ते नव्हतंच म्हटलं की माणूस शांत झोपतो, पोरी. पाच वर्षं मी शांत झोपलोय."

"मामा, चूक माझी..."

"ते झालंच. पण हे आज का सांगितलंस? तुला हलकं वाटावं म्हणून ना?" आवाज चढलेला नव्हता. "तुला वाटलं असेल बरं. मी आता हे घेऊन काय करू?"

मामी चहा घेऊन आल्या. "दोघं एवढी गप्प का?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसचं काही," मामा म्हणाले. "घे चहा."

पुढच्या रविवारी ती परीक्षेचा कोरा फॉर्म घेऊन गेली. मामा फिरायला गेले होते, किंवा मामींना तसं सांगायला सांगितलं होतं. मामींनी फॉर्म ठेवून घेतला. "देते हो त्यांना." संस्थेकडे आलेल्या फॉर्मांची यादी लागली तेव्हा ताईनं ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्यात मामांचं नाव नव्हतं.

तिनं शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, भाषेसाठी मार्क कापत नाहीत. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यात लिहून घेण्यासारखं काय आहे, ते त्यांना कळलं नसावं.

त्यानंतर मामा तिला एकदाच भेटले, चष्म्याच्या दुकानात. त्यांनी नवऱ्याची चौकशी केली, तिनं मामींची. नातीला दात येतायत, असं त्यांनी सांगितलं. ताईनं हसून विचारलं, किती महिन्यांची झाली? ते म्हणाले आठ. मग दुकानदारानं त्यांना हाक मारली. काचा बदलायच्या होत्या. ते काउंटरकडे वळले. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि तिचीही हाक मारायची हिंमत झाली नाही.