गोऱ्या पहिलवानाच्या मायची एकदाणी

देवराव बोलायला लागला की लकडगंजातले लाकूड कापणारे आरामशीनवालेसुद्धा मशीन थांबवून ऐकतात, असं देवराव स्वतःच सांगायचा. गुलाब टॉकीजच्या सायकलरिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टरच्या पाट्या, वर देवरावाचा स्वतःचा भोंगा, आत बॅटरी, आणि मधे हातात माईक धरून बसलेला हा चाळिशीचा काटकुळा गडी. सकाळभर गल्ल्या फिरून खेळाची हाकाटी करायची, हे त्याचं एक काम. पिक्चर इंग्रजी असलं की पडद्याच्या कडेला उभं राहून पब्लिकला गोष्ट सांगायची, हे दुसरं. इंग्रजी येत होतं का त्याला? छट्! पडद्यावरचा माणूस दोन मिनिटं बोलला तर हा चार मिनिटं बोलायचा, आणि पब्लिकला ती चार मिनिटंच जास्त आवडायची.

त्र्याऐंशी साली गुलाबला ‘मुक्केवाला’चा तिसरा भाग लागला. त्या बॉक्सिंगच्या पिक्चरचं खरं नाव कोणाच्या जिभेला वळत नव्हतं, म्हणून लकडगंजानं त्याचं हे बारसं केलं होतं. पहिला भाग अकरा आठवडे चालला, दुसरा सात. त्या भरवशावर टॉकीजचे मालक मनोहरराव यांनी तिसऱ्यासाठी डिस्ट्रिब्यूटरला गॅरंटीची जबर रक्कम मोजली, तीही बायकोला न सांगता. आणि पहिल्याच शुक्रवारी बाल्कनीत माणसं किती? सतरा! लेडीजच्या बाकांवर तर चिटपाखरू नव्हतं.

"तोच मुक्का, तेच पडनं, तेच उठनं," पानठेल्यावरची पोरं म्हणाली. "किती डाव पाहाव गा?"

मनोहररावांनी देवरावाला ऑफिसात बोलावलं. "चौथ्या आठवड्याचा बोर्ड लागला नाई, तर मी टॉकीज वामनरावाले भाड्यानं देऊन टाकतो. तो सागवान ठेवते इथं. सागवानाले इंटरव्हलमधे समोसाबी लागत नाई."

ही नुसती धमकी नव्हती. लाकूडवाला वामनराव आदल्या दिवशी खेळ चालू असतानाच टेप घेऊन आला होता आणि हॉलची लांबी-रुंदी मोजून गेला होता. देवरावाची झोप उडाली. बोलण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. सागवानाला कोण गोष्ट सांगणार?

दुसऱ्या दिवशी दाढी करताना न्हाव्याच्या दुकानात एक जुना फिल्मी पेपर त्याच्या हाती लागला. त्यात मुक्केवाल्याबद्दल एक ओळ होती: पहिल्या भागाला पैसे कमी पडले तेव्हा हिरोनं घरच्यांकडून उसने घेतले. एवढंच. पण देवरावाला एवढं पुरेसं होतं. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला, रिक्षा काढली आणि थेट मिरचीच्या बाजारात नेऊन उभी केली.

तिथं भिवापुरी मिरचीच्या ढिगांभोवती साठेक बाया देठ तोडत बसल्या होत्या. देवरावाची माय सिंधूताई वीस वर्षं याच ढिगाजवळ बसली होती. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी असे. या बायांनी देवरावाला लंगोटात पाहिलेला, त्यामुळे त्याच्या भोंग्याचं त्यांना कौतुक नव्हतं.

"बायाहो, मुक्के पाहू नका!" देवराव गरजला. "मुक्क्यामागची माय पाहा! हा पहिलवान पिक्चर काढाले निघाला तवा खिशात दमडी नोती. कोनं देल्ले पैसे? मायनं! गयातली एकदाणी काढून देल्ली, म्हने, जाय लेका, ठेव गहान. सोन्याचे एकवीस मनी! त्यातला एक चेपलेला. काहून? पोरगं मांडीवर असताना त्यानंच तो चावला होता! पिक्चरनं करोडो कमावले, पन ते गेले कंपनीच्या घरात. अन् माय अजून मोकया गयानं भाकर थापून राहिली!"

एकदाणी म्हणजे गळ्यात घालायचा सोन्याच्या मण्यांचा एकपदरी सर. गोऱ्यांच्या मुलखात तो कुठून आला आणि तिथं भाकर कोण थापतं, हे कोणी विचारलं नाही. बायांचे हात मात्र थांबले. एकदोघींनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्यातली सगळ्यात वडील पार्वतीबाई तेवढी कोरड्या डोळ्यांनी बघत होती.

"चेपलेला मनी कितवा गा, देवा?"

"मधातला, मावशी," देवरावाच्या तोंडून पटकन गेलं. हे कुठून सुचलं, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

पार्वतीबाईनं मान डोलावली आणि पुन्हा देठ तोडायला घेतले.

त्या रविवारी बाजार बंद होता, आणि दुपारच्या तीनच्या खेळाला लेडीजचे बाक भरले! पडद्यावर हिरोची माय दारात उभी राहून त्याला मिठी मारते, असा सीन होता. फुलाफुलांचा झगा आणि गळा अगदी मोकळा.

"पाहा, गया पाहा!" देवराव माईकवर कळवळला.

"माय वं!" सगळा लेडीज विभाग एका आवाजात हळहळला. पुढे मुक्केवाला मार खाऊन आडवा झाला तेव्हा तर बाया बाकांवर उभ्या राहिल्या. "ऊठ ना गा! मायची एकदाणी सोडवाची हाय ना!" तो उठला. बायांना वाटलं आपल्यामुळेच उठला. दुसऱ्या दिवशी त्या शेजारणींना घेऊन आल्या, शेजारणींनी नवऱ्यांना आणलं. दुसरा आठवडा बरा गेला, तिसऱ्याची सुरुवात त्याहून बरी झाली. मनोहररावांना पुन्हा भूक लागायला लागली.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी खेळाआधी पार्वतीबाई बुकिंगच्या खिडकीशी आली. मागे साठ बाया. तिनं देवरावाच्या हातात एक जड पोटली ठेवली.

"तीनशे बारा रुपये हायेत. एकेकीनं एका दिवसाची मजुरी काढली. तुह्या त्या पहिलवानाच्या मायले एकदाणी सोडवाले दे."

पोटलीतून मिरचीचा खकाणा नाकात गेला, त्याला सटासट शिंका आल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते नुसत्या मिरचीचं नव्हतं. मनोहररावांनी त्याला बाजूला ओढलं.

"ठेवून घे चुपचाप! शुक्रवारी चौथ्याचा बोर्ड लागू दे, मंग पाहू काय सांगाचं ते. आता तोंड उघडलं तर लोक पोस्टर फाडतीन!"

मालक बोलत होते ते खरंच होतं. गप्प बसलं तर टॉकीज वाचत होती, आणि त्याची रोजीही. पण या बाया दिवसभर मिरचीत हात घालतात, घरी गेल्यावर त्याच हातांची आग आग होते म्हणून ताकात बुडवून बसतात. त्याची मायही तशीच बसायची. देवराव पडद्यापाशी गेला, माईक घेतला आणि बत्त्या विझायच्या आधीच बोलला.

"मावशीहो, मी खोटं बोललो. त्यानं घरच्याकडून पैसे घेतले, येवढंच पेपरात होतं. एकदाणी-बिकदाणी काई नाई, समदं माह्या मनातलं. तुमचे पैसे वापस न्या. तिकिटाचेबी मी देईन, हळूहळू."

मागे मनोहरराव कपाळाला हात लावून खालीच बसले. पार्वतीबाई उठली.

"झालं बोलून? आता आयक. एकदाणी खोटी नाई. एकवीस मनी, मधातला चेपलेला. वीस वर्सं सिंधू माह्या बाजूले बसून देठ तोडे, तवा तो मनी माह्या डोयापुढं हाले. तूच चावला होता, मुडद्या, तिनंच सांगतलं होतं! चार साल झाले, तिचा गया मोकया हाय. हा भोंगा तुह्या रिक्षावर आला, त्याच महिन्यापासून. आमी काय आंधया हाओत?"

देवराव माईकवर चाचरायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पन... तुमी तं पहिलवानाच्या मायसाठी म्हनलं..."

"सिंधूसाठी म्हनलं असतं तं तू घेतले असते? तिनं तरी घेऊ देल्ले असते? म्हनून म्हनलं, गोऱ्याच्या नावानं तरी हा घेईन. तं हा येडा खरं बोलाले उभा राह्यला!"

आधी एकजण हसली, मग सगळा लेडीज विभाग, मग पुरुषही. देवराव मात्र ढसाढसा रडत होता, आणि माईक चालूच राहिल्यामुळे त्याचं रडणं आठही स्पीकरमधून निघत होतं. "रडणं बंद कर अन् पिक्चर लाव!" कोणीतरी ओरडलं. मनोहरराव उठून धोतर झटकत मशीनरूमकडे पळाले.

ही गोष्ट दोन दिवसांत इतवारीच्या बाजारापर्यंत गेली. खोटं कबूल करणारा सिनेमावाला कसा दिसतो, ते बघायलाच लोक यायला लागले. शुक्रवारी चौथ्या आठवड्याचा बोर्ड लागला. वामनरावानं टेप गुंडाळून ठेवला आणि बाल्कनीचं तिकीट काढलं.

त्याच दिवशी तीनच्या खेळाला देवराव मायला रिक्षात घालून घेऊन आला. त्या पोटलीच्या पैशांनी सराफाकडून कालच सोडवलेली एकदाणी सिंधूताईच्या गळ्यात होती, आणि पार्वतीबाई शेजारी बसून चेपलेला मणी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला बोटानं दाखवत होती. मिठीचा सीन आला. फुलाफुलांच्या झग्यातली ती गोरी बाई डोळे पुसत दारात येऊन उभी राहिली. देवरावानं माईक खाली ठेवला आणि मायकडे बघितलं.

सिंधूताईचा हात गळ्याशी गेला. तिनं पडद्याकडे मान वर केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रडू नोको वं बाई. तुहीबी सुटन."