हार घातलेला फोटो

माझा स्वभाव तापट, हे सगळं मुरुम गाव जाणतं. त्यामुळं ताहेरा तीन दिवस शाळेत आली नाही तेव्हा मी आधी चिडले आणि मग गोंधळले. चार दिवसांवर उमरग्याला तालुक्याच्या शर्यती आलेल्या. आमच्या कन्याशाळेत धावणारी पोर एकच, ती हीच. तिची आजी बेगमबी दसऱ्याआधी स्वतः येऊन म्हणाली होती, "न्या की बाई, पळू द्या." मग मध्येच काय बिनसलं?

ताहेराचा पणजोबा आफ्रिकेतून आलेला हबशी, निजामाच्या फौजेत घोडेस्वार. निजामाचं राज्य गेलं, घोडेही गेले. तिचा बाप चाँदपाशा आता मुरुमच्या बाजारात बैलांना नाल ठोकतो. पोर रंगानं काळीभोर, केस कुरळे, आणि वर्गातल्या मुली तिला वाट्टेल ते बोलत. साठ साल होतं. सोलापूरच्या पेपरात रोमच्या ऑलिंपिकचा फोटो आला तो मी कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि वर्गात लावला. अमेरिकेतली काळी मुलगी, लहानपणी एक पाय अधू, आणि धावण्यात तीन सुवर्णपदकं! "बघा, आपल्या ताहेरासारखीच आहे," असं मी बजावल्यावर मुलींची तोंडं बंद झाली. ताहेरा मधल्या सुट्टीत त्या फोटोपाशीच उभी राही.

चौथ्या दिवशी मी तणतणत तिच्या घरी गेले. बेगमबी ओट्यावर बसली होती. मला बघताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"लई वाईट झालं, बाई. केवढीशी पोर!"

"कोण?"

"तुमची ती पळणारी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्या ताहेराची भाकर घिऊन शाळंत आलते. बघते तर फोटोला हार, म्होरं उदबत्तीची राख. पळून पळून छाती फुटली असंल तिची."

क्षणभर मला काही कळेना. मग आठवलं. सरस्वतीपूजनाला झेंडूचा एक हार उरला होता. टाकायचा कशाला, म्हणून मीच तो त्या फोटोला घातला होता आणि एक उदबत्तीही पुढं लावली होती. मला हसू फुटलं.

"अहो बेगमबी, जिवंत आहे ती!"

"मग हार कशापायी? तुमच्या भिंतीवर ज्यांच्या ज्यांच्या फोटोला हार हाय, ते समदे गेलेलेच हायत की."

माझं हसू तिथंच विरलं. म्हातारीचं काही चुकत नव्हतं.

"तुमी बगितलंय का तिला?"

"नाही. पेपरात वाचलं."

"पेपर कवाचा?"

"झाला महिना."

बोलता बोलता माझीच गाडी घसरली. महिन्याभरात त्या मुलीचं काय झालं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? काही झालं नसणार, हे कळत होतं. पण नक्की कुणी सांगावं?

"घ्या शपथ, जिती हाय म्हणून."

पोरीसाठी खोटं बोलावं, असं फार वाटलं. पण म्हातारी माझ्या तोंडाकडं इतक्या विश्वासानं बघत होती, की जीभच रेटेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"मग माझी पोर येणार न्हाय."

दाराआडून ताहेरा बाहेर आली. "दादी, मेली असली तरी आदी पयली आली न ती?"

बेगमबीचा हात उगारला गेला आणि तसाच राहिला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्या बी येते. पडली तर उचलाया घरचं माणूस पायजे."

उमरग्याच्या मैदानावर बेगमबी शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली. कुणी हटवलं तरी हटेना. शिट्टी झाली. ताहेरा सुटली ती कुणाला गाठूच देईना, आणि शेवटची दोरी तिनंच छातीनं तोडली. मी पदराचं भान सोडून ओरडत होते. बेगमबी मात्र ओरडली नाही. गर्दीतून वाट काढत ती पोरीपाशी पोचली आणि तिच्या धडधडत्या छातीवर तळवा दाबून धरला.

"दादी, म्या पयली आले!"

"गप," बेगमबी म्हणाली. "आदी दम घे."