नासाडी दोन टक्के

खट्. मग गुर्रर्र. फ्रिज सुरू झाला आणि सकाळची शांतता मोडली.

मी त्याच्यासमोरच उभी राहून भाषण पाठ करत होते. अकरा वाजता मला आणि आमच्या आरोग्य केंद्राच्या प्रमुखांना, सरांना, आरोग्य समितीपुढे जायचं होतं. मागण्या दोनच. लसीचा पुरवठा वाढवा आणि एका मुलासाठीसुद्धा व्हायल उघडायची मुभा द्या.

"त्या सोमवारी एक बाई नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आली," मी फ्रिजला सांगत होते. "गोवराची लस हवी होती. एका व्हायलमध्ये दहा मुलांची लस असते. उघडली की त्याच दिवशी संपवायची, नाहीतर फेकायची. बाळ एकच होतं, बाकीची मुलं बुधवारी, लसीकरणाच्या दिवशी येतात. मी तिला म्हटलं, तुम्ही एकट्याच आहात ना, मग बुधवारी या..."

"आई, कोणाशी बोलतेस?"

दारात ठमी उभी. चार वर्षांची, एकाच पायात मोजा, गालावर उशीची घडी. पुढचं वाक्य मी गिळलं. ते तिच्यासमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

"फ्रिजशी."

"तो काय म्हणाला?"

"दूध संपलंय म्हणाला."

ती येऊन माझ्या पोटाला बिलगली. झोपेतून उठलेल्या मुलांना एक वास असतो, कोमट, दुधाळ. तेवढा वेळ मी भाषण विसरले.

निघताना सासूबाईंनी डबा हातात दिला. "भाषण कर हो, भांडण नको. तुझं दोन्ही सारखंच ऐकू येतं."

समितीच्या खोलीत एवढा गारठा होता की लस टेबलावर उघडी ठेवली असती तरी टिकली असती. आमच्या केंद्रातला लसींचा फ्रिज महिन्यातून दोनदा बंद पडतो. मग सिस्टर बर्फाच्या पेट्या डोक्यावर घेऊन शेजारच्या केंद्राकडे धावतात. इथे मात्र अध्यक्षसाहेब थंडी वाजते म्हणून मफलर गुंडाळून बसले होते. समोर क्रीमची बिस्किटं. साहेब बिस्किट उलगडायचे, मधलं क्रीम जिभेने चाटायचे आणि त्याच ओल्या बोटाने आमच्या अर्जाचं पान उलटायचे. तिसऱ्या पानावर क्रीमचा ठसा उमटला. तिथे गोवर झालेल्या मुलांची यादी होती.

"अहो डॉक्टरबाई, तुमच्या केंद्राचं तर मी उदाहरण देतो सगळीकडे," साहेब म्हणाले. "लसीची नासाडी दोन टक्के! बाकीच्यांची तीस-तीस. आणि तुम्हीच पुरवठा वाढवून मागता? तुमचं तर थोडक्यात छान भागतंय."

टेबलाखाली सरांनी माझ्या पायावर पाय ठेवला. म्हणजे हसा, आभार माना आणि मग हळूच मागा. सरांनी असंच मागून मागून केंद्राला छप्पर मिळवलं होतं.

दोन टक्के. तो आकडा केंद्राच्या फळ्यावर खडूने मीच लिहिला होता. खाली एक फूलही काढलं होतं. ते फूल आठवलं आणि मी सरांच्या पायाखालून पाय काढून घेतला.

"साहेब, आम्ही लस वाया घालवत नाही, कारण आम्ही मुलं परत पाठवतो," मी म्हटलं. "पुरी दहा जमल्याशिवाय व्हायल उघडतच नाही. एकेकासाठी उघडत बसलो तर महिनाअखेर हात रिकामे. तो दोन टक्के आकडा माझ्या हुशारीचा नाही. दारातून परत गेलेल्या मुलांचा आहे."

मग मी ते सोमवारचं सांगितलं. ती बाई दोन गाड्या बदलून आली होती. बाळाने माझा स्टेथोस्कोप तोंडात घातला होता, आणि मी तो पुसत हसत म्हटलं होतं, बुधवारी या. बुधवारी ती आली नाही. बाळाला ताप होता. पुढे त्याला गोवर निघाला आणि महिन्याभराने मोठ्या दवाखान्यात ते बाळ दगावलं.

साहेब घोटभर पाणी प्यायले.

"वाईट झालं. फारच वाईट," ते म्हणाले आणि लिहून घेणाऱ्या कारकुनाकडे वळले. "हे इतिवृत्तात नको. भावनेचा मुद्दा आहे. एवढंच लिहा, सदर केंद्राची कार्यपद्धती अनुकरणीय असून ती सर्व केंद्रांना लागू करण्यात यावी."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाटलं, इथेच ओकावं, त्या बिस्किटांवर.

"साहेब, लागू करा म्हणून नाही सांगितलं मी! बंद करा म्हणून सांगितलं!"

"चिडू नका हो, बाई. कौतुकच करतोय तुमचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. माझ्या हातात एक गुलाबी कागद आला. उत्कृष्ट व्यवस्थापन. माझं नाव आणि साहेबांची सही, दोन्ही आधीच छापलेली होती.

बाहेर पायऱ्यांवर सर चष्मा पुसत उभे राहिले. बराच वेळ पुसला.

"मी गप्प बसलो, बघितलंस ना?"

"बघितलं."

"गप्प बसतो म्हणूनच आत बोलावतात मला."

"मग आत जाऊन काय करता, सर?"

त्यांनी तो गुलाबी कागद मागितला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्याकडे नको." मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. त्यांची किळस आली, आणि वीस वर्षांनी मीही अशीच चष्मा पुसत उभी असेन असं वाटून स्वतःचीही.

केंद्रावर पोचले तर बाकावर एक आजी, मांडीवर नातू. सिस्टरने मला बाजूला घेतलं. "एकच आहे, मॅडम. बुधवारी बोलवू?"

"उघडा."

"अहो, दोनच व्हायल उरल्यात. बुधवारी कमी पडल्या तर?"

"तर दारात मी उभी राहीन, शिव्या खायला."

"आणि वर काय कळवू?"

"कळवा, डॉक्टरबाईंचा हात सैल झालाय."

सिस्टर हसली नाही, पण व्हायलचं झाकण तिने पटकन उडवलं. बाळ भोकाड पसरून रडलं. किती दिवसांनी तो आवाज गोड लागला! संध्याकाळपर्यंत मी रस्त्याकडे डोळे लावून बसले. आणखी दोघं आली. उरलेली सात मुलांची लस माझ्या हाताने मी फेकली. बुधवारच्या कुठल्या सात जणांची होती ती, देव जाणे. फळ्यावरचा आकडा पुसला. फूल काही केल्या नीट पुसलं जाईना. पाकळ्यांचे पांढरे फराटे तसेच राहिले.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. ठमीने खिडकीखाली दवाखाना थाटला होता. बाहुल्या, एक हत्ती, दोन चमचे, सासूबाईंची चष्म्याची डबी, असे सगळे पेशंट रांगेत. पेन्सिलीने टोचणं चाललं होतं. कान तुटलेलं अस्वल मात्र रांगेबाहेर, दाराशी, पाठ करून बसलेलं.

"याला का नाही टोचलं, डॉक्टर?"

"तो उशिरा आला, एकटाच. मी म्हटलं, बुधवारी या." अगदी माझ्याच आवाजात, माझ्यासारखीच मान तिरकी करून, हसत.

मी अस्वलाला उचलून मांडीवर घेतलं. ठमी पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आली, गुडघ्यावर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तुझं ते फ्रिजवालं बाळ, ते बुधवारी आलं का गं?"