सरकीचं पोतं

चुलीत घालायला जिजाबाईनं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची काडी मोडली, की तिचा नवरा चंपत भरल्या ताटावरून उठून जायचा. शेवटी बिचारीनं पऱ्हाटी जाळणंच सोडलं आणि नुसत्या गोवऱ्यांवर भाकरी भाजायला लागली. काय करणार! रिसोडच्या कुस्त्यांच्या दंगलीत चंपतनं तांड्यावरच्या सोमला पैलवानाला धोबीपछाड मारली, तेव्हा त्याची मान अशीच कट् करून वाजली होती. सोमला मातीतून उठलाच नाही. डाव नियमातला होता, पंचांनी तसं सांगितलंही. पण पंचांचं ऐकायला चंपतचे कान रिकामे कुठं होते?

त्यानंतर तो हरतच गेला. समोरच्याचा हात खांद्यावर घेतला, की कानात कट्, आणि अंगातलं बळ पार गळून जायचं. त्याच्या गावच्या, रिठदच्या, रिकामटेकड्यांच्या जिभेला तर हाडच नव्हतं. "सोमला बसला त्याच्या मानेवर," म्हणत.

वस्ताद मारोतराव मोठा तापट माणूस. एक दिवस त्यांनी आखाड्यात चंपतसमोर सरकीचं पोतं आणून आदळलं.

"वस्ताद, मले लंगोट खुंटीले टांगू द्या. तो आवाज जात नाही."

"जाऊ नको म्हणाव त्याले! तू कायले काठी घेऊन त्याच्या मांगं पळून राह्यला? आला तर येऊ दे. श्वास सोड, पायाचा अंगठा मातीत रोव, अन् हातातलं काम कर. हे पोतं खांद्यावरून घे अन् खाली ठेव. आपटायचं नाही. बाळंतिणीजवळ लेकरू ठेवतेत तसं."

चंपत रोज तेच करू लागला. सुरुवातीला पोती फाटली, आखाडाभर सरकी झाली, वस्तादांनी शिव्यांची लाखोली वाहिली. आवाज यायचा तो येतच राहिला. पोती फाटायची मात्र हळूहळू थांबली.

"ही कुस्ती हरलो तर संपलं," असं जिजाबाईला सांगून चंपत शेलूबाजारच्या दंगलीला गेला. तिथं जोड लागली ती नेमकी फुलसिंगाशी. सोमलाचा सख्खा धाकटा भाऊ! सलामीला एकमेकांच्या हातावर माती द्यायची रीत. फुलसिंगानं माती दिली, पण चंपतचा हात लवकर सोडला नाही. तेच डोळे, तीच रुंद मान.

कुस्ती सुरू झाली. फुलसिंग तुटून पडला आणि त्याचा हात आपसूक चंपतच्या खांद्यावर आला. कट्! चंपतनं श्वास सोडला, अंगठा रोवला आणि फुलसिंगाला पाठीवर घेतलं. गर्दी एकदम गप्प झाली, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी रिसोडची कुस्ती पाहिली होती. फुलसिंग अलगद मातीवर टेकला. त्याच्या मानेखाली चंपतचा तळहात होता. चित!

डफडी कडाडली, फेटे उडाले, मारोतराव लेकरासारखे रडायला लागले. फुलसिंग मात्र उठेना. चंपत त्याच्यावर वाकला.

"फुलसिंग! लागलं काय रे?"

"नाही," तो आभाळाकडं पाहत म्हणाला. "काहीच नाही लागलं. असं बी ठेवता येते, तर मंग माह्या भावाले काहून आपटलं?"

तेवढ्यात लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतलं.

घरी जिंकल्याची बातमी आधीच पोचली होती. जिजाबाईनं हरखून ताट वाढलं आणि भीतभीत पऱ्हाटीची एक काडी मोडली. चंपत उठला नाही. पण ताटातली भाकरीही त्यानं मोडली नाही.