खर्ड्याचा उसना तांब्या

सन २००९. वैशाख. मे महिन्याची सहा तारीख, वार बुधवार, दुपारचा दीड. त्या वेळी मी एका घरातून दुसऱ्या घरात गेलो. उसना गेलो.

मी फिरकीचा तांब्या आहे. जात पितळेची, वजन सव्वा किलो. तोंडाला आटे आहेत, त्यावर फिरकीचं झाकण बसतं, वर धरायला कडी आहे. मला आडवं पाडलं तरी थेंब सांडत नाही. माझी घडणच प्रवासाची. प्लास्टिकच्या बाटल्या नव्हत्या तेव्हा एस.टी.च्या बाकाखाली माझे भाऊबंद ओळीनं असायचे.

१९७१ साली छगन नावाच्या माणसानं मला जामखेडच्या बाजारात घेतलं आणि बहिणीच्या लग्नात आहेर केला. पोटावर कोरून घेतलं : ‘बनुबाईस, भाऊ छगनकडून.’ बनुबाई खर्ड्याला नांदायला आली. घर किल्ल्याच्या अंगाला. माहेर सात कोसांवर, तेवढाच माझा प्रवास. छगन वारल्यावर तोही थांबला. मग मी फळीवर. दर सणाला बनुबाई मला चिंचेनं घासायची आणि परत फळीवर ठेवायची. अडतीस वर्षं गेली. तक्रार नाही. पितळेला फार काही वाटत नसतं.

त्या बुधवारी एक तरुण पोराला खांद्यावर टाकून दारात आला. पोराची मान लोंबत होती. मागं त्याची बायको, सात वर्षांची मुलगी, आणि सगळ्यात मागं पांढऱ्या टोपीचा म्हातारा.

“मावशी, पानी!” एवढंच तो म्हणाला.

मंडळी तिसगावची. प्रशांत, त्याची बायको रुपाली, मुलगी ज्ञानेश्वरी आणि चार वर्षांचा समर्थ. म्हातारा म्हणजे प्रशांतचा बाप सहादेव. शाळेला सुट्टी लागली, पोरांना किल्ला दाखवावा, म्हणून मागून आणलेली जीप घेऊन सकाळी निघाले होते. पोहोचेपर्यंत सूर्य डोक्यावर. बुरुजावर समर्थ कोसळला.

बनुबाईनं रांजणातलं पाणी मला भरलं, त्यात साखर-मीठ घातलं. कांदा फोडून पोराच्या तळपायांना चोळला. माझ्या झाकणानं ती घोट घोट पाजत होती आणि तोंड चालू होतं.

“वैशाखात, भर दुपारी, पान्याबिगर किल्ला! कोन शाना हाय तुमच्यात?”

“ही कॅन इसरली,” प्रशांत बायकोकडं बोट करून म्हणाला.

“इसरली? पोरगं इसरली न्हाई हेच लई झालं.”

रुपालीनं मान खाली घातली. सहादेव भिंतीकडं बघत होता.

पाचव्या घोटाला समर्थनं डोळे उघडले. लगेच ओकला. बनुबाईनं मला पुन्हा भरलं, फिरकी गच्च आवळली.

“जामखेडला न्या, सलाईन लावा. वाटंनं पाजत ऱ्हावा. पर तांब्या माघारी आना. माज्या भावाची खूण हाय.”

“आनून देतो,” सहादेव पहिल्यांदा बोलला. “सहादेवचा सबूद हाय.”

“सबूद ठिवा तुमच्यापाशी. तांब्या आना.”

जीपमध्ये मी सहादेवच्या मांडीवर होतो. दोन्ही हातांनी त्यानं मला धरलं होतं. जामखेडच्या रस्त्यावर ज्ञानेश्वरी म्हणाली, “आबा, कॅन तर तुमीच वट्यावर काडून ठिवला ना? मी बगितलं.”

“गप बस.”

हे सहादेव बोलला नाही. रुपाली बोलली. प्रशांत गाडी चालवत होता, जीपचा आवाज मोठा होता. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

जामखेडला दोन सलाईन लागल्या. तिथून परस्पर तिसगावला. घरी पोहोचलो तेव्हा पाच लिटरचा कॅन ओट्यावर होता. भरलेला.

सहादेवचं एक म्हणणं होतं. परगावी पाणी बरोबर नेणं म्हणजे त्या गावाला शिवी. कुठल्या गावानं आजवर वाटसराला पाणी नाकारलंय? सून निघताना कॅन जीपमध्ये ठेवते, हे त्याला अपमानाचं वाटलं. कुणाचं लक्ष नसताना त्यानं तो खाली काढला. मी त्याच काळचा आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण बुरुजावर गाव नसतं.

त्यानं तेव्हाच सांगितलं असतं तर दोन दिवस घर तापलं असतं आणि मिटलं असतं. तो बोलला नाही. रुपालीही बोलली नाही. सासऱ्याची टोपी तिनं सांभाळली. घरात ती विसराळू ठरली.

मला परत न्यायचं तर बनुबाईपुढं उभं राहावं लागणार. ती पुन्हा विचारणार, कोण शहाणा. शेजारी रुपाली असणार. म्हणून सहादेव दर सुट्टीला म्हणायचा, “पुढल्या खेपंला जाऊ खर्ड्याला.” आणि गाडी दुसरीकडं वळायची.

अशानं मी फिरलो. भंडारदऱ्याला गेलो. कोपरगावला पोरांच्या मामाकडं गेलो, गोदावरीच्या घाटावर बसलो. समर्थ दुसऱ्या कशातलंच पाणी पीत नसे. झाकणाला तोंड लावून प्यायचा आणि निम्मं सदऱ्यावर सांडायचा. दर वेळी गाडी सुरू करताना प्रशांत बायकोला विचारी, “घेतला का कॅन? का इसरल्या बाईसाहेब?” पोरं हसायची. ज्ञानेश्वरी एकदा आबांकडं बघायची आणि मग हसायची. काही वर्षांनी ती बघेनाशी झाली.

२०१२ च्या मे महिन्यात मुरुडला समुद्र पाहिला. तिथं ज्ञानेश्वरीनं मला समुद्रात बुचकळून भरलं.

“अगं, पितळ हाय ते, हिरवं पडंल!” रुपाली ओरडली.

“वर्गात दाखवायचाय समिंदर. गोरक्ष म्हनतो खारट नसतोय.”

“मंग त्यालाच आनायचा बांधून.”

सात तासांचा प्रवास करून समुद्र तिसगावला आला. गोरक्षनं बोट बुडवून चाटलं आणि थुंकला. मी आतून हिरवा पडलो. वाळू आट्यांत शिरली ती निघाली नाही. तेव्हापासून फिरकी फिरवली की करकर वाजते. पुढं आणखी एकदा समुद्रावर गेलो. त्या खेपेला पोरं मोठी होती. मला गाडीतच ठेवलं.

एका जत्रेत भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. प्रशांत म्हणाला, “हे जुनं नाव घासून काढू, समर्थचं घालू. त्याचाच तांब्या झालाय.” सहादेवनं मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. “दुसऱ्याचं नाव घासायचं न्हाई.” एवढं बोलून तो गर्दीत चालता झाला. मला काखेत घेऊन तो तासभर एकटाच बसला. तेव्हा मला वाटलं, आता नेईल. नेलं नाही.

मग थंड पाण्याच्या बाटल्या आल्या. पोरांच्या परीक्षा आल्या. सहली बंद झाल्या. मी माळ्यावर गेलो, पोत्याखाली. किती वर्षं ते मोजलं नाही. मोजून करायचं काय?

सन २०२५, दिवाळीची सुट्टी. समर्थ वीस वर्षांचा, नगरला शिकायला. आईनं त्याला माळा झाडायला लावला. त्यानं मला खाली काढलं, बोटानं धूळ पुसली आणि नाव वाचलं.

“आबा, ह्या बनुबाई कोन?”

सहादेव खाटेवर होता. मागल्या वर्षी त्याच्या अंगावरून वारा गेला होता. डावा हात मेला. त्यावर निखारा ठेवला तरी कळत नाही. 

“कल्हई करून आन,” तो म्हणाला. “खर्ड्याला जायाचंय.”

कल्हईवाला आता सहजी मिळत नाही. समर्थ दोन बाजार हिंडला. मी आतून पुन्हा पांढरा झालो. निघायच्या दिवशी ज्ञानेश्वरी सासरहून आली. उसनं भांडं रिकामं परत देत नाहीत. रुपाली गूळ भरायला लागली तर सहादेव म्हणाला, “गूळ नगं. पानी भर. आपल्या हिरीचं.”

तिनं पाणी भरलं. 

सगळे गाडीत बसले. सोळा वर्षांनी तीच पाच माणसं. मी सहादेवच्या मांडीवर, त्याच्या डाव्या हाताखाली. त्याला मी कळत नव्हतो. मलाही त्याचा हात लाकडासारखा लागत होता. पाथर्डी गेली, जामखेड गेलं.  प्रशांतनं निघताना विचारलं होतंच, “कॅन घेतला का?”

बनुबाई दारातच बसली होती. नजर गेलेली. समर्थनं मला तिच्या हातात दिलं. तिनं अंगठ्यानं पोटावरची अक्षरं चाचपली. छगनच्या नावावर अंगठा थांबला.

“आला व्हय,” ती म्हणाली. “अन् पोरगं?”

“मीच त्यो, आजी.”

तिनं त्याचा दंड दाबून पाहिला. “कांदा चांगलाच लागू पडला की.”

तिनं फिरकी फिरवली. करकर वाजलं.

“आट्यात काय गेलंय?”

“वाळू हाय, आजी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “समिंदराची.”

“ह्यानं समिंदर बगितला?”

“दोनदा.”

 “मी न्हाई बगितला,” बनुबाई म्हणाली. मग मान वर केली. “अन् ती इसरभोळी सून कुठं हाय?”

“ही काय हितंच,” प्रशांत हसत म्हणाला.

सहादेवनं काठी टेकली आणि उभा राहिला. वारा गेल्यापासून त्याची जीभ जड आहे, पण हे त्यानं नीट उच्चारलं.

“ती इसरली न्हाई. कॅन मी काडून ठिवला हुता. ती गप ऱ्हायली.”

प्रशांतचं हसू तोंडावर तसंच राहिलं. समर्थ आबांकडं बघत होता. ज्ञानेश्वरी खाली. 

बनुबाईनं झाकणात पाणी ओतलं आणि समोर धरलं. “पी,” ती सहादेवला म्हणाली.

त्याचा एक हात काठीवर, दुसरा मेलेला. रुपाली उठली. तिनं झाकण घेतलं आणि सासऱ्याच्या तोंडाला लावलं. तो प्यायला. थोडं सदऱ्यावर सांडलं. तिनं पदरानं पुसलं.

उरलेलं पाणी बनुबाईनं रांजणात ओतलं. मला कोरडं केलं. चाचपत फळीपाशी गेली. जागा मोकळीच होती. तिनं मला तिथं ठेवलं.

देणं फिटलं.