सलाम न करणारं खोकं

न्दातेने बनवलेलं खोकं विटेएवढं होतं आणि त्याचा मेंदू नखाएवढा. तेवढ्या मेंदूत ते मातीचा ओलावा मोजायचं, पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचं आणि मालकाला तोंडाने विचारायचं, "पंप सुरू करू?" मालक 'हो' म्हणाला तरच पंप सुरू. उत्तर नाही तर पाणी नाही. या खबरदारीचा न्दातेला फार अभिमान होता.

पहिलं खोकं कायार गावातल्या म्हाताऱ्या म्बाखान बाबांच्या शेतात बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या कांद्यांनी माना टाकल्या. शुक्रवारी कायारच्या बागायतदार संघाची बैठक, अध्यक्ष खुद्द बाबा. कांदे गेले तर खोकं परत, आणि न्दातेची दोन वर्षांची मेहनतही त्याच्यासोबत. ती थियेसहून पहिल्या गाडीने आली.

"बाबा, हे विचारत नाही का तुम्हाला?"

"दिवसातून चाळीस वेळा."

"मग उत्तर द्या की!"

"सलाम नाही, घरचे कसे आहेत नाही, तोंड उघडलं की पंप! अशाला मी उत्तर देत नाही, पोरी. माझा जावईसुद्धा असाच होता."

"मग?"

"आता करतो सलाम."

"अहो, यंत्र आहे ते."

"मग लवकर शिकेल."

न्दाते वाफ्याच्या कडेला लॅपटॉप उघडून बसली. बाबा सांगत गेले, ती आपल्या आवाजात खोक्यात भरत गेली: रात्र शांततेत गेली ना, बकऱ्या कशा आहेत, दोन्ही बायकांची वेगवेगळी चौकशी (एकत्र केली असती तर बाबांना जेवण मिळालं नसतं). बाबांच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चौकशीपाशी खोक्याचा मेंदू भरला.

"गुडघा वगळू का, बाबा?"

"बायका वगळ हवं तर. गुडघा ठेव."

जागा खात होतं ते मालकाचं 'हो' ओळखणं. ते काढलं तर विचारण्यात अर्थ नव्हता. खोकं आपल्या मनानेच पाणी सोडणार. न्दातेचा हात थबकला.

"चुकलं तर कुणी अडवणार नाही त्याला."

"बंद करायचं बटण आहे?"

"आहे."

"मग काढ. सलाम करण्याएवढं मोठं झालं, पाणीही देईल."

शुक्रवारी कांदे ताठ उभे होते. बाबा बैठकीत म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ गुडघ्याची चौकशी करतं. कामाचं एक अक्षर काढत नाही. जावयापेक्षा बरं आहे."

संघाने वीस खोकी मागितली. तेवढ्यात खजिनदाराने हात वर केला. त्याला बायका तीन होत्या.

न्दाते पुन्हा लॅपटॉप उघडून बसली. ओलावा मोजणं ठेवावं की तिसरी बायको, हे काही ठरेना.