पिंडरांच्या घरातला ह्यू

आमच्या यॉर्कशायरात आडनाव घराचं. जो राहायला येईल त्याला ते चिकटतं. माझ्या पहिल्या नवऱ्याचे आजोबा मोकाट गुरं धरून कोंडवाड्यात घालायचे, म्हणून आम्ही सगळे पिंडर, म्हणजे कोंडवाडेवाले. आजोबा गेले, ते कामही गेलं, मरीच्या साथीत माझा नवरा ॲडम गेला. नाव मात्र घराला नि जमिनीला राहिलं.

मग मी ह्यूशी लग्न केलं. ह्यू हेसलविक. हेसलविक त्याचं गाव. मरीनं ते झाडून नेलं. चाळीस चुली होत्या, त्यातला हा एकटा वाचला. आता तिथं मेंढ्या चरतात.

लग्नानंतर जमीन ह्यूच्या नावावर व्हायची होती. गावचे बारा पंच म्हणाले, "जमीन पिंडरांची. पिंडर म्हणवून घेशील तर साक्ष देऊ." ह्यू घरी येऊन बसला तो बसलाच.

"मॉड, अख्ख्या जगात ते नाव आता माझ्याजवळच उरलंय गं. मी टाकलं की संपलं."

"मेलेल्या गावाला काय चाटायचंय?" मला सहावा महिना होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. "पोर काय गवत खाऊन जगणार? म्हण की पिंडर! जीभ झडते का तुझी?"

"ॲडमचं नाव ते. गाव हसेल."

"हसू दे. हसणारे येतात का पेरणीला?"

जमीनदाराच्या कचेरीत कारभाऱ्यानं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. पंचांतला म्हातारा वॉल्टर खिदळला, "बायकोला विचारा की, तिला पाठ आहे!" सगळे फिदीफिदी हसले. ह्यूनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्यू पिंडर." जमीन देताना करायच्या रिवाजाप्रमाणं कारभाऱ्यानं काठीचं टोक पुढं केलं, ह्यूनं ते धरलं, जमीन आमची झाली. मी हुश्श केलं.

त्यावरून तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. तेच मला खात राहिलं. भांडला असता तर मीही भांडले असते, फिटंफाट झाली असती.

आता पोरगी सात वर्षांची आहे. परवा ह्यू कुंपणाच्या खुंट्या ठोकत होता. पाठमोरा, केस पिकलेले. म्हटलं, बाकी कुणी नाही तर निदान मी तरी.

"हेसलविक!" मी हाक मारली.

तो ठोकत राहिला. मी आणखी मोठ्यानं ओरडले. तरी नाही. तेवढ्यात पलीकडून शेजारीण ओरडली, "पिंडर, तुझं डुक्कर सुटलं बघ!" तसा तो चटकन वळला आणि त्याला मी दिसले.

"मघाशी कुणाला हाक मारत होतीस गं?" त्यानं विचारलं. चेष्टा नव्हती, रागही नव्हता. खरंच विचारत होता.

"कुणाला नाही," म्हटलं, आणि तिथंच चिखलात बसून रडले.